विश्लेषण : ऊसतोड मजुराची ‘उचल’ वेठबिगारी केव्हा ठरते?

दसरा उरकला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी आणि शेजारच्या पाथर्डी या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि उत्तर कर्नाटकाकडे निघतात. दरवर्षी किती माणसे अशी जातात, याचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत दिले जातात. एवढ्या मोठ्या संख्येबाबत अंदाजावरच भागवावे लागते, यातच या प्रश्नाचे मूळ आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची नोंद किलोपर्यंत होते. ऊस तोडणाऱ्याचे नाव मात्र बहुतेकदा कुठल्याच सरकारी वा कारखान्याच्या रजिस्टरमध्ये नसते. ते असते मुकादमाच्या वहीत.

आधुनिक गुलामगिरी म्हणजे नेमके काय?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने (आयएलओ) इतर संस्थांसह २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख लोक आधुनिक गुलामगिरीत आहेत. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात, तर २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात अडकलेले आहेत. या गुलामगिरीत साखळदंड दिसत नाहीत. आगाऊ दिलेले कर्ज, अडकवून ठेवलेली मजुरी, काढून घेतलेली कागदपत्रे, परक्या मुलखातील एकाकीपण आणि ‘पळालास तर घरच्यांना बघून घेऊ’ ही धमकी एवढ्यावर काम भागते. माणूस काम सोडून जाऊ शकतो का, आणि नसेल तर का नाही, हीच तिची कसोटी.

हे बंधन बहुतेक वेळा कामाच्या ठिकाणी नव्हे, तर भरतीच्या वेळी पडते. आखातात जाणाऱ्या कामगाराला दलालाने घेतलेले पैसे फेडायचे असतात, वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाला पावसाळ्यात घेतलेले बयाणे फेडायचे असते आणि ऊसतोड जोडप्याला उचल फेडायची असते. काम सुरू होण्याआधीच कामगार देणेकरी झालेला असतो. म्हणूनच आयएलओने २०१६ मध्ये न्याय्य भरतीची तत्त्वे ठरवताना भरतीचा खर्च कामगारावर पडता कामा नये, तो काम देणाऱ्याने सोसावा, असे स्पष्ट केले.

‘कोयता’ आणि ‘उचल’ : ही भरती होते कशी?

ऊसतोडीत मजूर मोजला जातो तो कोयत्याने. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याने गेल्यास अर्धा कोयता. पावसाळ्यात गावात काम नसते, घरात दुखणे वा लग्न निघालेले असते, सावकाराचा तगादा असतो. अशा वेळी मुकादम उचल देतो. ही रक्कम आता एका कोयत्यामागे ५० हजारांपासून लाखापर्यंत आणि काही ठिकाणी त्याहून वर गेली आहे. तिच्या बदल्यात पुढच्या हंगामात त्या मुकादमाच्या टोळीत यायचे, एवढाच करार, तोही बहुतेकदा तोंडी. कुठे कोऱ्या मुद्रांकावर अंगठा वा सही घेतली जाते, कुठे धनादेश.

मुकादमाकडचे पैसे मूळचे त्याचे नसतात. कारखाना वाहतूक ठेकेदाराला आगाऊ रक्कम देतो किंवा बँकेकडून मिळवून देतो, ठेकेदार ती मुकादमाला देतो आणि मुकादम टोळीत वाटतो. या साखळीत कारखाना पहिला असूनही कागदावर त्याचा करार ठेकेदाराशी असतो. मजूर ‘आमचा नाही’ असे तो सहज म्हणू शकतो.

हिशेब का जुळत नाही?

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशनही एका टक्क्याने वाढून २० टक्के झाले. वाढ लहान नव्हती. तरीही साधा गुणाकार करून पाहावा. एका जोडप्याने पहाटे चारपासून राबून दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरली, तर हाती पडतात ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. उचल ९० हजार असेल तर ती फिटायला १२३ दिवस लागतात. ऊस आडवा पडलेला असेल, गाडी वेळेवर आली नाही किंवा बाई आजारी असेल आणि तोड दीड टनावर आली, तर हाच आकडा १६४ दिवसांवर जातो. अलीकडच्या काही हंगामांत मात्र अनेक कारखान्यांचे गाळप शंभर दिवसांच्या आसपासच आटोपले आहे.

शिवाय हंगामात आठवडी बाजारासाठी मिळणारी खर्ची याच खात्यावर चढते. कामावर न आल्यास खाडा लागतो. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही पडतो. औषधपाण्यासाठी घेतलेले पैसेही त्यातच. पट्टा पडतो, म्हणजे कारखाना बंद होतो, तेव्हा अनेक जोडप्यांच्या अंगावर काही हजार बाकी राहिलेले असतात. ही ‘फिरती बाकी’ पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जाणे भाग पडते. मजूर दुसऱ्याकडे गेलाच, तर नवा मुकादम जुन्याची बाकी भरतो. मजुराचे देणे तेवढे एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते.

कायद्याच्या नजरेत ही वेठबिगारी आहे का?

प्रत्येक उचल वेठबिगारी नसते. कामाआधी पैसे घेणे गुन्हा नाही. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने बिगार आणि सक्तीच्या श्रमाला मनाई केली आहे आणि वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६ ने तिची व्याख्या बरीच व्यापक केली आहे. घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणूस विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यात काम करत असेल, दुसरीकडे काम करण्याचे वा मोकळेपणी ये-जा करण्याचे त्याचे स्वातंत्र्य गेले असेल, तर ती वेठबिगारी. नाममात्र मोबदला म्हणजे किमान वेतनाहून कमी.

‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ विरुद्ध भारत सरकार या १९८२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवरील मजुरांचे हे प्रकरण. सक्ती केवळ बळाची नसते. भुकेपोटी, गरिबीपोटी दुसरा पर्यायच उरला नसेल तर तीही सक्तीच, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, असे न्या. पी. एन. भगवती यांनी त्यात स्पष्ट केले. ‘मजूर स्वखुशीने येतो’ हा युक्तिवाद तेव्हाच निकाली निघायला हवा होता.

१९७६ च्या कायद्यात आणखी दोन तरतुदी मोलाच्या आहेत. एक, वेठबिगारीचे कर्ज कायद्याने संपुष्टात येते. ते वसूल करता येत नाही. दोन, कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर असते, मजुरावर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मधील मानवी तस्करीच्या व्याख्येतही शोषणाच्या हेतूने, फसवणूक, धाक किंवा पैशाचे आमिष दाखवून केलेली भरती येते आणि अशा भरतीत पीडिताची संमती हा बचाव ठरत नाही.

मुकादमच खलनायक आहे का?

तसे मानणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. मुकादम बहुधा त्याच गावचा, त्याच भावकीतला, कधी काळी स्वतः कोयता हाती धरलेला असतो. अडीनडीला रात्री-अपरात्री दार वाजवावे तर त्याचेच, कारण बँक या माणसाला दारात उभी करत नाही. मजूर उचल घेऊन आलाच नाही, तर भरपाई मुकादमाच्या माथी. दुसरीकडे, मुकादमांनी लाखो रुपये घेऊन टोळ्याच पाठवल्या नाहीत म्हणून कोल्हापूर-सांगलीकडील वाहतूकदार कर्जबाजारी झाल्याची उदाहरणेही कमी नाहीत. त्यातून मुकादमांना, कधी मजुरांना डांबून ठेवल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत जातात.

म्हणजे या व्यवहारात वरच्या प्रत्येकाचे पैसे खालच्याच्या भरवशावर अडकलेले आहेत. कायदेशीर कागद नसल्याने वसुलीचा मार्ग उरतो तो धाकाचा. हा धाक वरून खाली झिरपत जातो आणि सर्वांत शेवटच्या माणसावर, फडातल्या जोडप्यावर, येऊन थांबतो. माणूस बदलून हे थांबणार नाही. पैसे ज्या वाटेने खाली येतात, ती वाट बदलावी लागेल.

या हिशेबात बाई कुठे आहे?

कोयत्यात ती अर्धी असते, वहीत ती नसतेच. उचल नवऱ्याच्या नावे, सही नवऱ्याची, हिशेबही नवऱ्याशी. ती मात्र तोडलेला ऊस गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, शिवाय पहाटेच्या आधी उठून भाकऱ्या थापते आणि कोपीवर परतल्यावर पुन्हा चूल पेटवते. जोडीला उचल जास्त मिळते म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकली जातात, हे या भागातील कार्यकर्ते अनेक वर्षांपासून सांगत आहेत.

खाड्याचा अर्थ काय होतो, हे २०१९ मध्ये राज्याला कळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी, ना सुट्टी आणि वर खाड्याची भीती, अशा अवस्थेत खासगी रुग्णालयाने सुचवलेली शस्त्रक्रिया आणि तिच्यासाठी पुन्हा काढलेली उचल, असे हे दुष्टचक्र आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली.

कायदे असूनही गाडे कुठे अडते?

पहिली अडचण जिल्ह्याच्या सीमेची. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्य ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून बेळगावला जाणारी टोळी त्यात बसत होती. बीडहून कोल्हापूरला जाणारी नाही. अंतर, काम आणि उचल सारखीच. दुसरी अडचण संख्येची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये हा कायदा विलीन झाला. नव्या व्यवस्थेत कंत्राटदाराच्या परवान्याची तरतूद ५० किंवा अधिक कामगारांपासून लागू होते. ऊसतोडीची टोळी साधारण दहा ते वीस कोयत्यांची, म्हणजे २० ते ४० माणसांची. मुकादम मर्यादेच्या खालीच राहतो.

तिसरी अडचण अंमलबजावणीची. वेठबिगारी कायद्यानुसार जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असायला हव्यात. त्या कागदावर असतात, पण गाळप सुरू असताना किती फडांवर जातात? कायद्यातील शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे. पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेत सुटका झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. मात्र तातडीची मदत वगळता मोठी रक्कम दोषसिद्धीशी जोडलेली आहे. खटला रखडला की मदतही रखडते आणि सुटलेला माणूस पुन्हा उचलीसाठी मुकादमाच्याच दारात उभा राहतो.

इथे एक विसंगती डोळ्यात भरते. कामगाराला आखातात पाठवायचे, तर एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, बँक हमी द्यावी लागते आणि तो कामगाराकडून ३० हजार रुपये अधिक कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. तेथेही बोगस एजंटांचा सुळसुळाट आहेच. पण निदान बोगस कोण हे ठरवायला एक अधिकृत यादी आहे. बीडच्या माणसाला कोल्हापूरला नेणाऱ्यासाठी अशी यादीच नाही.

ब्रिटनमध्ये मुकादमांना परवाना का लागतो?

५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडमधील मोरकॅम्ब उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले. त्यांना तेथे नेणारा होता ‘गँगमास्टर’, म्हणजे थेट आपल्याकडचा मुकादमच. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनच्या संसदेने गँगमास्टर परवाना कायदा केला. शेती, शिंपले वेचणे आणि अन्नप्रक्रिया या क्षेत्रांत परवान्याशिवाय मजूर पुरवणे गुन्हा ठरला.

या कायद्याचे खरे मर्म पुढच्या कलमात होते. विनापरवाना गँगमास्टरकडून मजूर घेणेही गुन्हा ठरवण्यात आले. त्यामुळे शेतमालक आणि कारखानदार यांनाच समोरच्याचा परवाना तपासण्याची गरज भासू लागली. उलट, २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठासाखळीविषयी वार्षिक निवेदन काढायला सांगितले. पण निवेदन टाळल्यास दंडाची तरतूद केली नाही. बऱ्याच कंपन्यांनी गुळगुळीत शब्दांत ही औपचारिकता उरकली, अशी टीका तेथे सातत्याने होते. ज्याला श्रमाचा लाभ मिळतो, त्याच्यावर नेमकी आणि शिक्षेस पात्र जबाबदारी टाकली तरच साखळी हलते, हा या दोन कायद्यांमधला धडा.

महाराष्ट्रात काय करता येईल?

काही पाया घातला गेला आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढाच वाटा राज्य सरकारकडून, अशी निधीची व्यवस्था ठरली. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्र, तसेच मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहे, हे निर्णय झाले. हे सारे कल्याणाचे उपाय आहेत. भरतीच्या व्यवहाराला त्यांनी अजून हात घातलेला नाही.

त्यासाठी चार गोष्टी गाळप परवान्याशी जोडता येतील. पहिली, मुकादमाची टोळी कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची आणि नोंदणी नसलेल्या मुकादमाची टोळी लावणाऱ्या कारखान्यावर कारवाई. दुसरी, उचल कारखान्याकडून थेट मजुराच्या बँक खात्यात, नवरा आणि बायको यांच्या खात्यात निम्मी-निम्मी, तिची लेखी पावती आणि व्याज नाही. तिसरी, वजनकाट्याच्या पावतीवर गाडीच्या क्रमांकासोबत कोयत्याचा नोंदणी क्रमांक, म्हणजे कुणी किती टन तोडले याचा हिशेब मजुराच्याही हाती राहील. चौथी, हंगाम संपताना बाकी कारखान्यासमोर लेखी मिटवायची, खाड्याचा दंड बंद, आणि बाकी आहे म्हणून पुढच्या हंगामात कुणाला अडवता येणार नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. ज्या कारखान्याकडे शेतकऱ्याच्या प्रत्येक गुंठ्याच्या ऊसनोंदीची तारीख असते, त्याला हजार-दोन हजार कोयत्यांची यादी ठेवणे अवघड नाही.

कारखान्यांना हे परवडेल का?

कारखान्यांची बाजू अशी की, तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा होतो; तो वाढला तर शेतकरी नाराज होतो. उचल बंद केली तर मजूर शेजारच्या कारखान्याकडे जाईल, ही भीतीही खरी आहे. म्हणूनच एकट्या-दुकट्या कारखान्याने नव्हे, सर्वांनी एकाच हंगामापासून नियम पाळणे आवश्यक आहे. साखर आयुक्तालय गाळप परवाना देते, त्यामुळे ते घडवून आणण्याची किल्लीही सरकारकडेच आहे. उचलीत बुडणारे पैसे, पळालेल्या टोळ्यांमुळे उभा राहिलेला ऊस आणि न्यायालयातील दावे, हा खर्च आजही कुणाला तरी सोसावा लागतोच. नोंदणी झाली तर बनावट मुकादमांना आळा बसेल आणि त्याचा पहिला फायदा वाहतूकदारांना व कारखान्यांना होईल.

बाहेरचा रेटाही वाढतो आहे. सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या मालाला बाजारबंदी करणारा युरोपीय महासंघाचा नियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. शीतपेये आणि मिठाया बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या साखर कुठून येते हे आज ना उद्या विचारतील. त्यांना दाखवायला नुसते प्रमाणपत्र पुरणार नाही, फडातला हिशेब दाखवावा लागेल.

तोडणी यंत्रे वाढत आहेत, तेव्हा काही वर्षांत प्रश्न आपोआप मिटेल, असेही म्हटले जाते. यंत्राने कोयता जाईल. देणे जाणार नाही. ज्या जोडप्याच्या अंगावर बाकी आहे, ते उद्या वीटभट्टीवर वा बांधकामावर तीच उचल घेऊन जाईल. म्हणून कायद्याने गाठायची जागा भरतीची आहे. पावसाळ्यात, गावात, मुकादमाच्या ओसरीवर जेव्हा पैसे मोजले जातात, तेव्हा त्या व्यवहाराची एक प्रत त्या बाईच्या हातातही असली पाहिजे.